देवळातल्या घंटेवर मेरी आणि बाळ: ही घंटा नक्की कुणाची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गावच्या शंकराच्या देवळाचा जीर्णोद्धार चालू आहे. मंडपाबाहेर दोन दगडी खांबांच्या मध्ये एक मोठी घंटा आहे. तिच्यावर क्रॉस आहे, कडेवर मूल घेतलेली बाई आहे, इंग्रजीसारखी पण वाचता न येणारी अक्षरे आहेत आणि १७१ च्या पुढचा आकडा झिजलेला आहे. आजोबा सांगायचे की ही चिमाजी अप्पांनी वसईहून आणली. आता काही विश्वस्तांना ती ‘परधर्माची’ म्हणून नको आहे आणि एक मोडवाला जुनी घेऊन नवी पितळी घंटा बसवून द्यायला तयार आहे. वसईची गोष्ट खरी का आणि घंटेचे काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

सर्वांत आधी मोडवाल्याला नाही म्हणून कळवा. बाकीचे सावकाश वाचा, बैठक घ्या, वाद घाला, पण हा निरोप आजच जाऊ द्या. गेली बावीस वर्षे मी देवळांतल्या आणि चर्चमधल्या जुन्या धातूच्या वस्तूंच्या नोंदी करत हिंडतो आहे. पोर्तुगीज वाचायला शिकलो तेही या घंटांपायीच. एका गावी पोचलो तेव्हा अशीच घंटा दोन महिन्यांपूर्वी विकली गेली होती. गावात तिची एकच खूण उरली होती, कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या खांद्यामागे दिसणारा अर्धा गोल. त्यावर अक्षरे आहेत एवढे दिसत होते, वाचता एकही येत नव्हते. तो फोटो मी अजून जपून ठेवला आहे.

आता मूळ मुद्दा. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण त्यांत तीन गोष्टी गुंतल्या आहेत. घंटा युरोपीय घडणीची आहे का, हे पाहून सांगता येते. ती वसईचीच आहे का, हे सांगणे बरेच अवघड आणि ते तुमच्या गावच्या कागदांवर अवलंबून आहे. आणि इतकी वर्षे महादेवापुढे वाजलेली घंटा आता कुणाची मानायची, हा खरा प्रश्न. विश्वस्तांमधला वाद त्यावरच चालला आहे.

घडणीचे आधी सांगतो. आपल्याकडच्या जुन्या देवळी घंटेला वर बहुधा एकच कडी असते. युरोपीय घंटेच्या डोक्यावर चार-सहा कड्यांचा मुकुटासारखा गुच्छ असतो, खांदा गोलसर असतो, कंबर आत जाते आणि तोंडाशी ती फुलासारखी उमलते. लोलक जिथे आदळतो तिथे धातू मुद्दाम जाड ठेवलेला असतो. अक्षरे कोरलेली नसून ओतीवच असतात, म्हणजे पृष्ठभागाच्या वर उठून आलेली. साच्यात अक्षर उलटे ठेवावे लागे. कारागिराची चूक झाली की ‘एन’ किंवा ‘एस’ आरशात दिसावे तसे उमटे. अशी उलटी अक्षरे पाहून लोक ‘ही गुप्त लिपी आहे’ म्हणतात. तसे काही नाही, ओतणाऱ्याला लॅटिन वाचता येत नव्हते इतकेच.

मजकूर ठरावीक असतो. ‘आव्हे मारिया ग्रात्सिया प्लेना’ म्हणजे कृपेने भरलेल्या मारिये, तुला नमस्कार. ‘ओरा प्रो नोबिस’ म्हणजे आमच्यासाठी विनंती कर. आय, एच, एस ही तीन अक्षरे आणि मधल्या अक्षरावर क्रॉस असेल तर ती येशूच्या नावाची खूण आहे, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची आवडती. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असते. ‘आनो’ म्हणजे साल. तुमच्या घंटेवर बाईच्या कडेवर मूल आहे म्हणता, ती मेरी आणि बाळ येशू, यात मला शंका नाही. वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर हेच शिल्प आहे.

धातूबद्दल सगळीकडे ‘पंचधातू’ सांगतात. मोठ्या घंटा बहुतेक काशाच्या असतात: शंभर भागांत अठ्ठ्याहत्तर ते ऐंशी भाग तांबे आणि उरलेले कथील. पायाच्या तळव्यांना तूप लावून जी वाटी घासतात, तिचे कासेही साधारण याच प्रमाणाचे. लिस्बनचा ओतारी आणि आपला कासार, दोघांना नादाचे गणित एकच सापडले होते. शिवाय पोर्तुगीज मजकुराची प्रत्येक घंटा पोर्तुगालहून गलबतात बसून आली असे समजू नका. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलची प्रसिद्ध ‘सोन्याची घंटा’ १६५२ मध्ये गोव्याच्याच सासष्टीतल्या कुंकळ्ळीला ओतली गेली. म्हणजे अक्षरे लॅटिन, देऊळ ख्रिस्ताचे आणि हात इथले, असेही होऊ शकते. तुमची घंटाही कोकणी माणसाने ओतलेली असू शकेल. ‘परधर्माची’ म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

आता वसई. गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढच्या दोनशे वर्षांत किल्ल्यात आणि आसपास फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा सगळ्या संघांची चर्च उभी राहिली आणि प्रत्येकाच्या मनोऱ्यात घंटा चढल्या. १७३७ मध्ये ठाणे मराठ्यांकडे आले, १७३९ च्या सुरुवातीला माहीम, तारापूर पडले आणि मे १७३९ मध्ये वसईने शरणागती पत्करली. चर्चच्या घंटा उतरवून विजयचिन्ह म्हणून देवांना वाहिल्या गेल्या, ही गोष्ट पक्की आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा सगळ्यांना ठाऊक असते, तिच्यावर १७२१ साल आहे. फार मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला नाशिककर आजही ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. भीमाशंकरची घंटा तशीच, पालीच्या बल्लाळेश्वराची तशीच, आणि वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरची, १७०७ सालची, साडेसहाशे किलोच्या आसपासची.

‘चिमाजी अप्पांनी स्वतः आणून वाहिली’ हे वाक्य मात्र तपासून घ्यावे लागते. वसई पडल्यावर अप्पा जेमतेम दीड वर्ष जगले. डिसेंबर १७४० मध्ये ते गेले. नाशिकचे ते देऊळ १७४७ चे, म्हणजे अप्पांच्या मृत्यूनंतरचे. मेणवली तर आणखी पुढची. ते गाव नाना फडणवीसांना मिळाले १७६८ मध्ये, आणि नानांचा जन्मच १७४२ चा, वसईनंतरचा. त्यामुळे मेणवलीची घंटा वसईहून थेट घाटावर गेलेली नाही. मधली निदान एकोणतीस वर्षे ती कुठेतरी होती: कुणा सरदाराच्या वाड्यात, सरकारी कोठीत किंवा दुसऱ्या एखाद्या देवळात. मला या मधल्या वर्षांचे फार कुतूहल आहे. घंटेची गोष्ट सांगताना आपण वसई आणि देऊळ अशी दोन टोके धरतो, आणि बैलांनी ओढलेला, घाट चढलेला, कोठारात धूळ खाल्लेला प्रवास गाळून टाकतो.

तुमच्या गावासाठी याचा अर्थ असा की १७१० च्या दशकातले साल वसईच्या गोष्टीला पोषक आहे, पण तेवढ्याने ती सिद्ध होत नाही. १७३९ नंतरचे साल असते तर ती गोष्ट तिथेच संपली असती. मला एकदा मोठ्या अभिमानाने दाखवलेल्या ‘वसईच्या’ घंटेवर १८५६ निघाले होते. तसेच चौल-रेवदंडा १७४० च्या तहाने मराठ्यांकडे आले, आणि वसईचा वेढा चालू असतानाच गोव्याच्या सासष्टीतही मराठी फौजा शिरल्या होत्या. म्हणजे घंटा पोर्तुगीज असली तरी ती कुठल्या मोहिमेतून आली हे उघडे राहते. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात मोडलेल्या जहाजांच्या घंटाही मिळत आणि त्याही देवळांत गेल्या. त्यांवर बहुधा जहाजाचे नाव असते, मेरी-बाळ नसतात, म्हणून ती शक्यता तुमच्याबाबतीत मी बाजूला ठेवतो.

नक्की करायचे तर दोन वाटा आहेत. पहिली घंटेवरच. कधी कधी ती ज्या चर्चसाठी ओतली त्याचे नाव त्यावर असते, ‘नोस्सा सिन्योरा’ म्हणजे ‘आमची माता’ असे सुरू होणारे. वसईचे नाव पोर्तुगीज लिखाणात ‘बासाइं’सारखे येते. ‘रेमेदियुस’ दिसले तर वसईजवळचे रमेदी आठवा, त्या गावाचे नावच मुळी तिथल्या मातेवरून पडले आहे. पण एकाच नावाची चर्च अनेक ठिकाणी असत. ‘ग्रासा’, म्हणजे कृपेची माता, वसईच्या पापडीतही आहे आणि जुन्या गोव्यातही होती. तेव्हा नुसत्या नावावर उडी मारू नका. दुसरी वाट कागदांची. १७३९ च्या सुमारास तुमचे गाव कुणाच्या सरंजामात किंवा इनामात होते? ते घराणे वसईच्या मोहिमेत होते का? देवळाच्या बांधकामाचा शिलालेख आहे का, त्यावर शक कोणता? पुण्याच्या पेशवे दफ्तरात देवस्थानांचे पुष्कळ कागद आहेत, मोडी वाचणारा माणूस सोबत न्या. आजोबांची गोष्ट खोटी ठरवण्यासाठी हे करायचे नाही. घरातली परंपरा हाही एक पुरावा असतो, तिला जोड मिळाली तर ती उभी राहते.

आता तिसरा प्रश्न. ‘परधर्माची’ हा शब्द ज्यांनी वापरला, त्यांच्या मनातली अडचण मी हलकी समजत नाही. गाभाऱ्यासमोरची वस्तू शुद्ध असावी असे वाटणे श्रद्धाळू माणसाला साहजिक आहे. म्हणूनच घंटेचा दोन्ही धर्मांतला आचार शेजारी शेजारी ठेवून पाहावा.

जुन्या कॅथलिक रिवाजात घंटा मनोऱ्यात चढवण्यापूर्वी तिचा मोठा विधी होई. लोक त्याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणत. बिशप तिला मंत्रलेल्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायचा, बाहेरून सात आणि आतून चार ठिकाणी पवित्र तेलाचे क्रॉस काढायचा, खाली धूप ठेवून तिची पोकळी धुराने भरायचा आणि तिला एखाद्या संताचे नाव द्यायचा. अभिषेक, तैललेपन, धूप, नामकरण. प्राणप्रतिष्ठा पाहिलेल्या माणसाला यातले काय परके वाटेल? आणि घंटेने करायचे काय? भक्तांना बोलवायचे, मेलेल्यांसाठी शोक करायचा, आणि वादळ व दुष्ट शक्ती यांना पळवून लावायचे. युरोपात वादळ आले की चर्चची घंटा वाजवत. आपल्याकडे पूजेच्या सुरुवातीला घंटा हातात घेऊन गुरुजी काय म्हणतात? ‘आगमार्थं तु देवानां गमनार्थं तु रक्षसाम्’. देवांनी यावे आणि राक्षसांनी जावे. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या दोन पुरोहितांनी घंटेला तेच काम सांगितले होते.

याचे महत्त्व मला एका दूरच्या गोष्टीने कळले. ९९७ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबाचा सत्ताधीश अल-मन्सूर याने सांतियागोचे मोठे तीर्थक्षेत्र लुटले. तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोब्याला नेल्या गेल्या आणि मोठ्या मशिदीत दिवे लावायला टांगल्या गेल्या. १२३६ मध्ये ख्रिस्ती राजा तिसरा फर्नांदो याने कोर्दोबा जिंकले, तेव्हा त्याने त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत पाठवल्या. मोरोक्कोत फेजच्या अल-करावियिन मशिदीत तर चर्चच्या घंटेचे केलेले झुंबर आजही पाहायला मिळते. इस्लाममध्ये प्रार्थनेला माणसाचा आवाज बोलावतो, अजान. तिथे घंटेला काम नव्हते, म्हणून तिचा दिवा झाला. सुंदर झाला, पण मुका झाला.

इथे मात्र घंटा घंटाच राहिली. ती जिंकून आणली होती, आणि वसईच्या ज्या लोकांची ती होती त्यांना ती गमवावी लागली होती, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसत नाही. पण तिच्यावरची मेरी कुणी छिनीने घासून काढली नाही. क्रॉस तासला नाही. तोफांची गरज असलेल्या काळात ती वितळवलीही नाही. जशी होती तशी महादेवापुढे, गणपतीपुढे टांगली आणि वाजवली. मेरीच्या अंगावर हळदकुंकू वाहिलेले मी स्वतः पाहिले आहे. तिथल्या आजींना विचारले, ही कोण? म्हणाल्या, ‘लेकुरवाळी देवी हाय.’ मला त्यात दुरुस्ती करावीशी वाटली नाही.

काही वर्षांपूर्वी वसईचे एक निवृत्त कॅथलिक शिक्षक माझ्याबरोबर अशीच एक घंटा पाहायला आले होते. गुरवाने त्यांना ‘वाजवा की’ म्हटले. त्यांनी आधी खांद्यावरची ओळ बोटाने चाचपत वाचली, मग हळूच एकच ठोका दिला आणि नाद पूर्ण विरेपर्यंत उभे राहिले. जाताना म्हणाले, ‘आमच्याकडे राहिली असती तर तडा गेल्यावर वितळवून नवी केली असती. इथे आहे म्हणून वाचता तरी आली.’ त्यांच्या मनात याहून बरेच काही असणार. ते विचारायचा अधिकार मला नव्हता. पण घंटा काढू पाहणाऱ्यांना आणि राखू पाहणाऱ्यांना काय उत्तर द्यायचे, ते मला त्या दिवशी मिळाले. ही घंटा दोन गावांची आठवण आहे आणि सांभाळायची जबाबदारी तुमच्या गावावर आली आहे.

इथवरचे थोडक्यात: घंटा पोर्तुगीज घडणीची आहे हे तुमच्या वर्णनावरून जवळजवळ निश्चित. वसई शक्य आहे, कागद पाहिल्याशिवाय पक्के नाही. आणि ती देवळात असण्यात देवळाच्या आचाराला बाध येत नाही.

आता व्यवहाराचे, जे बैठकीत सगळ्यांत उपयोगी पडेल. शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. मोडवाल्याकडे तो परवाना आहे का, एवढे विचारले तरी बोलणी थांबतील. तुमचे देवस्थान नोंदणीकृत न्यास असेल तर घंटा जंगम मालमत्तेच्या यादीत आहे का पाहा. नसेल तर माप, फोटो आणि ठरावासह चढवा आणि धर्मादाय कार्यालयात कळवा. यादीत नसलेली वस्तू हरवली तर ‘होती’ हे सिद्ध करणेही जड जाते.

जीर्णोद्धारात घंटा उतरवायची असेल तर मुकुटाच्या सगळ्या कड्यांमधून रुंद पट्टा ओवून, चेनपुलीने, सावकाश उतरवा. कासे कडक पण ठिसूळ असते, दगडावर आपटले तर कडेचा टवका उडतो आणि नाद कायमचा जातो. खाली लाकडी फळ्यांवर ठेवा. परत टांगताना मुकुट सिमेंटमध्ये गाडू नका. स्लॅब ओतताना घंटेच्या कड्याच आत घेतल्याचे मी दोन ठिकाणी पाहिले आहे, आता ती घंटा न फोडता निघणार नाही. चिंच, लिंबू, आम्ल, पितळ चकाकवायची पावडर, बफिंगचे चाक यांतले काहीही लावू नका. हिरवट-काळा थर तीनशे वर्षांत जमला आहे आणि तोच धातूला राखतो आहे. मऊ कोरडा ब्रश पुरे. ऑइलपेंट तर नकोच, त्याने आधीच झिजलेली अक्षरे बुजतात.

देवळात फलक लावायचा झाला तर जेवढे माहीत आहे तेवढेच लिहा: ‘पोर्तुगीज घडणीची घंटा, अठराव्या शतकाचा आरंभ. वसईच्या मोहिमेनंतर देवळात आल्याची गावाची परंपरा आहे.’ ‘परंपरा आहे’ हे शब्द ठेवा. पुढे कागद सापडला तर ओळ बदलता येईल.

आणि तो झिजलेला चौथा आकडा. दिवसा तो दिसणार नाही. रात्री देवळातले दिवे मालवा, टॉर्च घंटेच्या अंगाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा, म्हणजे उंचवट्यांच्या सावल्या पडतील. मग पातळ कागद लावून मऊ पेन्सिल आडवी फिरवा आणि खांद्याभोवतीची पूर्ण ओळ अशी उतरवून घ्या, क्रॉसपासून सुरू करून परत क्रॉसपर्यंत. अक्षरे उलटी आली तरी आहेत तशीच राहू द्या, सरळ करून लिहू नका. ती ओळ मला पाठवा, मी वाचून देईन.